ब्रेकिंग अवे

सायकल शर्यतीच्या निमित्ताने इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन या लहान गावाचे जीवन रंगविणारा अमेरिकन चित्रपट (१९७९). दिग्दर्शन पीटर येट्स यांचे, तर पटकथा स्टीव्ह टेसिक यांची आहे. क्रीडापटांत त्याची गणना होत असली, तरी त्याचा खरा विषय गाव आणि विद्यापीठ यांच्यातील वर्गभेद हा आहे.

ब्लूमिंग्टनच्या परिसरात चुनखडकाच्या मोठ्या खाणी असून इंडियाना विद्यापीठाच्या अनेक इमारती याच दगडाच्या आहेत. तो कापणाऱ्या कामगारांच्या मुलांना चित्रपटातील विद्यार्थी ‘कटर्स’ म्हणून हिणवतात. शाळा संपलेली, पण पुढची वाट न सापडलेली अशी चार मुले पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीत पोहत दिवस काढतात. त्यांतील डेव्ह (डेनिस क्रिस्टोफर) इटालियन सायकलपटूंनी इतका भारलेला असतो, की तो घरात इटालियन शब्द बोलू लागतो आणि मांजराचे नावही बदलून ‘फेलिनी’ ठेवतो. महामार्गावर मालट्रकच्या मागे वाऱ्याचा आडोसा धरून तो सायकल हाकतो आणि ट्रकचालक बोटांनी त्याला वेग दाखवत राहतो, हे दृश्य विशेष गाजले. पुढे ज्यांची तो पूजा करतो त्यांच्यापैकीच एक इटालियन खेळाडू शर्यतीत त्याच्या चाकात हवा भरण्याचा पंप खुपसून त्याला पाडतो आणि त्याचे हे वेड उतरते.

पॉल डूली यांनी साकारलेला बाप हे चित्रपटातील सर्वांत भरीव पात्र म्हणावे लागेल. एके काळी दगड कापणारा आणि आता जुन्या मोटारी विकणारा हा चिडका गृहस्थ मुलाच्या इटालियन थेरांनी वैतागलेला असतो. रात्री मुलासोबत विद्यापीठाच्या आवारात फिरताना तो सांगतो, की या इमारतींचा दगड आम्ही कापला, त्याचा अभिमानही वाटला. पण त्या उभ्या राहिल्यावर मात्र त्या आपल्यासाठी नाहीतच असे वाटू लागले. अंतिम शर्यतीला वजन येते ते या प्रसंगामुळे.

ही शर्यत, ‘लिटल ५००’, काल्पनिक नाही. विद्यापीठात १९५१ पासून होणाऱ्या या सांघिक शर्यतीत चार जणांचा संघ आळीपाळीने एकच सायकल चालवून २०० फेऱ्या, म्हणजे सुमारे ८० किमी. अंतर पूर्ण करतो. प्रत्यक्षात ती विद्यार्थ्यांपुरतीच मर्यादित आहे. गावातील मुलांचा संघ तिच्यात उतरतो ही पटकथाकाराची कल्पना. जखमी डेव्ह पाय पॅडलला चिकटपट्टीने बांधून घेऊन शेवटच्या फेऱ्या मारतो. विजय अपेक्षितच असतो, तरीही प्रेक्षक गुंतून राहतो, हे येट्स यांचे कसब होय.

टेसिक यांचा जन्म सर्बियातील उझित्से येथला (१९४२). किशोरवयात अमेरिकेत आलेले टेसिक १९६२ साली लिटल ५०० जिंकणाऱ्या संघाचे राखीव खेळाडू होते. त्या वर्षी डेव्ह ब्लेस या त्यांच्या सहकाऱ्याने २०० पैकी १३९ फेऱ्या एकट्याने मारल्या होत्या. नायक बेतला तो त्याच्यावरूनच, आणि शर्यतीचा निवेदक म्हणून तो चित्रपटात दिसतोही.

सर्वोत्कृष्ट मूळ पटकथेचे ऑस्कर या चित्रपटास मिळाले. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन व साहाय्यक अभिनेत्री (आईच्या भूमिकेतील बार्बरा बॅरी) यांसाठीही त्याला नामांकने होती. मन्सूर खान यांच्या ‘जो जीता वोही सिकंदर’ (१९९२) या हिंदी चित्रपटाचे याच्याशी असलेले साम्य अनेकांनी दाखवून दिले आहे. तेथेही स्थानिक मुले आणि श्रीमंतांचे महाविद्यालय यांच्यातील दरी सायकल शर्यतीतून उघडी पडते.