पडलेल्या पाखराच्या चोचीत पाणी ओतू नका

मे महिना लागला की आपल्या जळगाव-भुसावळकडच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरायला लागतो. उन्हाने पडलेलं पाखरू, कोणीतरी त्याला मुठीत गच्च धरलंय, दुसऱ्या हाताने बाटलीच्या बुचाने नाहीतर थेट बाटलीनेच चोचीत पाणी ओतणं चाललंय, आणि खाली सगळ्यांचे हात जोडलेले. माया खरी आहे, त्याबद्दल वादच नाही. पण व्हिडिओ जिथे थांबतो त्यानंतरच्या दहा मिनिटांत काय होतं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

मागच्या मे मधली गोष्ट. आमच्या मागच्या शेडला पत्रे आहेत आणि पत्र्याखाली साळुंकीचं घरटं होतं. बाहेर ४५ अंश म्हटल्यावर पत्र्याखाली भट्टीच होते, अशा वेळी पिल्लं जीव घाबरा होऊन घरट्याच्या कडेला येतात आणि पडतात. त्यातलं एक दुपारी पडलं, शेजारच्या पोराने उचललं, त्याची आजी ओट्यावरून म्हणाली, "पानी पाज ना रे त्याले, मरी जाई ते." पोराने बुचभर पाणी चोचीत ओतलं. पिल्लाने दोनदा मान झटकली, नाकपुड्यांतून बारीक बुडबुडे आले, श्वासाबरोबर टिकटिक असा आवाज यायला लागला आणि थोड्या वेळाने त्याने मान टाकली. पोरगं रडत होतं की मला उशीर झाला. उशीर कुठे, पाणी चुकीच्या नळीत गेलं होतं. हे त्याला तेव्हा सांगवलं नाही, म्हणून आता सगळ्यांना सांगतोय.

पक्ष्याची चोच उघडून आत बघितलं तर जिभेच्या अगदी मुळाशी, बरोब्बर मध्यभागी एक उभी फट दिसते, प्रत्येक श्वासाला उघडते आणि मिटते. ते श्वासनलिकेचं तोंड. अन्ननलिका त्याच्या मागे. आपल्या श्वासनलिकेवर एक झाकण असतं, शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत होतं बघा, घास गिळताना ते खाली येतं. पक्ष्यांना ते झाकण नाही, गिळताना ती फट आवळून घेणं एवढाच उपाय. पक्षी स्वतःहून पाणी पितो तेव्हा हे आपोआप जमतं. पण उन्हाने धापा टाकणाऱ्या पाखराची फट सारखी उघडत असते, आणि आपण नेमकं त्याचं डोकं वर करून तिच्यावर पाणी सोडतो. वर त्याला आपल्यासारखं जोरात खोकून पाणी बाहेर फेकता येत नाही, कारण छाती आणि पोटाच्या मधला तो स्नायूचा पडदा, डायफ्राम, पक्ष्यांना नसतोच.

आता जरा खोलात जातो, कारण पक्ष्यांची श्वास घ्यायची पद्धत ही मला अख्ख्या जीवशास्त्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. आपली फुफ्फुसं फुग्यासारखी, हवा ज्या वाटेने आत त्याच वाटेने बाहेर, त्यामुळे शिळी हवा थोडी आत उरतेच. पक्ष्याची फुफ्फुसं जवळजवळ फुगतच नाहीत, छोटी आणि घट्ट असतात, पाठीच्या बरगड्यांना चिकटलेली. फुगण्याचं काम करतात हवेच्या पिशव्या, बहुतेक पक्ष्यांत ९, काही पुढे काही मागे, आणि त्यांचे फाटे काही पोकळ हाडांतसुद्धा जातात. पहिल्या श्वासात ताजी हवा बहुतेक सरळ मागच्या पिशव्यांत जाते, उच्छ्वासात तिथून फुफ्फुसात, दुसऱ्या श्वासात फुफ्फुसातून पुढच्या पिशव्यांत आणि दुसऱ्या उच्छ्वासात बाहेर. म्हणजे एका घोटाएवढ्या हवेचा प्रवास दोन श्वासांत पूर्ण होतो, आणि फुफ्फुसातल्या बारीक नळ्यांमधून हवा कायम एकाच दिशेने वाहते, पाटाच्या पाण्यासारखी. आत घेताना पण ताजी हवा मिळते आणि सोडताना पण! पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून आपल्या धरणांवर येतात ते याच यंत्राच्या जोरावर.

पण हेच यंत्र मुठीत धरल्यावर बंद पडतं. डायफ्राम नाही, म्हणजे पिशव्या भरायला आणि रिकाम्या करायला छातीचं हाड पुढे-मागे, वर-खाली हलावं लागतं. आपण पाखरू उडून जाईल म्हणून छातीवरून बोटं आवळली की ते हाड हलत नाही. नाक उघडं, चोच उघडी, तरी जीव गुदमरतो. म्हणून धरायचं तर जुन्या सुती कपड्यात सैल गुंडाळून, डोळे झाकून, आणि लगेच खोक्यात ठेवून द्यायचं.

आणि उन्हात चोच उघडून गळा थरथरवत बसतात ते कशासाठी? पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नाहीत. त्यांचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास गरम असतं, हवा ४५ अंश झाली की उष्णता अंगातून हवेत जायच्या ऐवजी हवेतून अंगात यायला लागते. मग एकच रस्ता उरतो, आपल्या माठाचा. माठ पाझरतो, पाणी उडून जातं, जाताना उष्णता घेऊन जातं, १ ग्रॅम पाण्यामागे साधारण ५८० कॅलरी. पाखराचा ओला गळा म्हणजे त्याचा माठ. आपली मे महिन्याची हवा कोरडी, त्यामुळे माठ चांगला चालतो पण रिकामा पण लवकर होतो. म्हणजे त्याला पाण्याची गरज असतेच, फक्त ते त्याचं त्याने प्यायचं. सावलीत, हवा खेळती असेल अशा जागी भोकं पाडलेला खोका, आत कापड, आणि मोठा पक्षी शुद्धीवर असेल तर शेजारी मातीची उथळ पणती. पाच-दहा मिनिटं अंधारात शांत बसला की बरेचदा स्वतःच चोच बुडवतो. थंड पाण्यात बुचकळू नका, कुलरच्या तोंडाशी ठेवू नका. पिल्लाला पणतीची पण गरज नाही, त्याचं पाणी आईने आणलेल्या किड्यांतूनच येतं. दूध-पाव तर नकोच, दुधातली साखर पचवायची सोय पक्ष्यांकडे नाही.

मुळात बरीच पिल्लं पडलेली नसतातच. बुलबुलचं पिल्लू पंख फुटले की नीट उडता यायच्या आधीच घरटं सोडतं, शेपटी आखूड, मधुमालतीखाली उड्या मारत फिरतं, आई-बाप तिथेच चारतात. त्याला फार तर मांजरापासून लांब, जवळच्या झुडपात ठेवा आणि घरात जा, तुम्ही उभे राहिलात तर आई खाली येणार नाही. टिटवीची पिल्लं तर अंड्यातून निघाली की काही तासांत चालायला लागतात, शेतात एकटी दिसली म्हणून अनाथ समजून घरी आणू नका. पिसं न फुटलेलं, डोळे मिटलेलं पिल्लू मात्र घरट्यातच परत जायला पाहिजे. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे आपल्याकडे सगळे सांगतात, ते खोटं आहे. साळुंकी, बुलबुल, चिमणी ही मंडळी पिल्लाची उघडी चोच बघून आणि आवाज ऐकून चारतात, तुमच्या हाताच्या वासाने त्यांचं काही अडत नाही. यंदा त्याच पत्र्याखालून परत एक पिल्लू पडलं, तेव्हा आम्ही जुन्या बांबूच्या टोपलीत वाळलेलं गवत घालून ती शेडच्या सावलीच्या बाजूला घरट्याजवळ टांगली आणि खिडकीतून बघत बसलो. पाऊण तासाने साळुंकी नाकतोडा घेऊन आली, आधी पत्र्यावर, मग तारेवर, मग टोपलीच्या काठावर.

जखमी पक्ष्याचं वेगळं. मांजराने पकडलेला असेल तर जखम दिसो न दिसो, डॉक्टरकडे न्याच, मांजराच्या लाळेतले जंतू एकदोन दिवसांत जीव घेतात. संक्रांतीला मांजा अडकलेला सापडला तर मांजा ओढू नका, दोन्हीकडून कात्रीने कापा आणि अंगात रुतलेला भाग डॉक्टरवर सोडा. पंख तुटला असेल तर काडी बांधायच्या भानगडीत पडू नका. वन विभागाचा टोल फ्री नंबर १९२६ आहे. आणि बरा झाला म्हणून पिंजऱ्यात ठेवून घेणं, अगदी साधा पोपटसुद्धा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

घुबडाचं तर आधी दगडापासून रक्षण करावं लागतं. लहानपणी आम्हाला सांगायचे की घुबडाला दगड मारला तर ते तो दगड उचलून नेतं आणि पाण्यात झिजवतं, दगड झिजतो तसा माणूस झिजतो. आणि तरी लोक मारायचेच. गव्हाणी घुबड रात्रभर शेतातले उंदीर वेचतं, ज्याच्या शेतात मका नाहीतर गहू आहे त्याने तर त्याला जपायला पाहिजे. दिवसा बाहेर पडलं की कावळे त्याच्या मागे लागतात आणि ते दमून कुठेतरी भिंतीच्या कोपऱ्यात बसतं. लोक समजतात आजारी आहे. वरून गोणपाट नाहीतर टॉवेल टाका, पायाची नखं लांब ठेवून उचला, खोक्यात घाला, झाकण लावा. अंगावर जखम नसेल तर अंधार पडल्यावर खोका जिथे सापडलं तिथेच उघडून ठेवा आणि मागे सरका.