मनोरी : पिवळसर कातळ आणि खाडीपलीकडचे गाव

मनोरी हे मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतले गाव, पण तिथे रस्त्याने जायचे तर आधी भाईंदर गाठून उत्तन-गोराईमार्गे, म्हणजे शेजारच्या महापालिकेच्या हद्दीतून वळसा घालावा लागतो. मार्व्याहून तरीने मात्र ते काही मिनिटांवर आहे. शहर इतके जवळ असूनही गाव गावासारखे राहिले, याचे बरेचसे श्रेय माझ्या मते मधल्या खाडीला जाते.

मुंबईचा दगड म्हटला की काळा बेसॉल्ट आठवतो. मनोरीच्या किनाऱ्यावर मात्र ट्रॅकाइट हा लाव्हापासून बनलेला उजळ खडक आढळतो. त्याचा ताजा फुटलेला तुकडा फिकट पिवळसर-करडा दिसतो आणि बोट फिरवल्यास खरखरीत लागतो. बेसॉल्टमध्ये सुमारे 50 टक्के सिलिका असते, तर ट्रॅकाइटमध्ये ती साधारण 60 टक्के किंवा त्याहून अधिक असते. लोह कमी असल्याने याचा रंग उजळ राहतो, आणि सिलिका वाढल्यामुळे लाव्हा थंड काकवीसारखा घट्ट होऊन दूरवर न वाहता मुखाजवळच जाड थरांत थिजतो. सह्याद्रीचे बहुतेक थर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. हा खडक त्यानंतरचा, सुमारे 6 ते 6.2 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखीच्या शेवटच्या टप्प्यातला आहे. खाडीपलीकडच्या मालाडच्या खाणींतला ट्रॅकाइट छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या बांधकामात वापरला आहे, त्यामुळे मनोरीचे नावही न ऐकलेल्या मुंबईकराने तिच्या दगडाचा भाऊबंद बहुधा पाहिलेला असतो.

समुद्राच्या बाजूला कातळ आणि वाळू, तर खाडीच्या बाजूला भरतीने आणलेला गाळ आणि त्यात श्वासमुळे वर काढून उभी असलेली तिवरे, अशी या चिंचोळ्या भूभागाची रचना आहे. मासेमारी आणि शेती ही इथली जुनी उपजीविका. उघड्या वाऱ्यावर वलांडीला टांगलेले बोंबील त्याची साक्ष देतात.

1534 च्या तहाने वसईबरोबर हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला, आणि कोळ्यांबरोबर नांदणारा इथला ‘ईस्ट इंडियन’ म्हणून ओळखला जाणारा स्थानिक ख्रिस्ती समाज त्या काळात घडला. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत हा मुलूख मराठ्यांकडे आला. पुढे साष्टी, म्हणजे मुंबईच्या उत्तरेचा हा बेटाचा भाग, इंग्रजांनी घेतली.

खडक पाहायला जाणाऱ्यांनी भरतीचे वेळापत्रक बघून पूर्ण ओहोटी साधावी. पावसाळ्यात, विशेषतः उधाणाच्या दिवसांत, शेवाळलेल्या कातळावर उतरू नये.