सिलिका जेल उन्हात वाळवून भागत नाही

विमानाच्या कॉम्प्रेस्ड एअर (दाबलेली हवा) फिल्टरमधले, ओल शोषून निळ्याचे गुलाबी झालेले सिलिका जेलचे दाणे गच्चीवर उन्हात पसरले की पुन्हा कोरडे होतात, असं पुण्यात अजूनही सांगितलं जातं. हे साफ चूक आहे. पावसाळ्यात तर इथल्या दमट हवेतून ते उलट पाणीच ओढतात. निळं सिलिका जेल ओव्हनमध्ये साधारण १२० अंश सेल्सिअसला काही तास तापवायचं आणि गरम असतानाच हवाबंद डब्यात भरायचं.

खरी गोम तेलात आहे. कॉम्प्रेसरचं तेल लागून तपकिरी, चिकट झालेले दाणे कितीही भाजले तरी सुधारत नाहीत. ते बदलाच. नाहीतर हवेत राहिलेलं पाणी उंचावर गोठतं आणि व्हॉल्व्ह अडकतो. ओल शोषणारे कोणते दाणे भरायचे, ते विमानाच्या मॅन्युअलमध्येच बघा.