कार्यस्थळ प्रशिक्षणातील कृत्रिम बुद्धिमत्ता

कर्मचाऱ्यांची कौशल्ये घडवण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करण्याची पद्धत. कोणाला काय शिकण्याची गरज आहे हे ओळखणे, पाठ तयार करणे, सराव करून घेणे, काम करताना पडणाऱ्या शंकांना उत्तरे देणे आणि प्रगती तपासणे ही कामे तिच्या कक्षेत येतात.

संगणकाकडून शिकवण्याचे प्रयत्न जुने आहेत. इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये ‘प्लेटो’ प्रणाली सुरू झाली. प्रत्यक्ष कामाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची ठरली ती १९८० च्या दशकात अमेरिकी हवाई दलासाठी घडवलेली ‘शेरलॉक’. एफ-१५ विमानांची इलेक्ट्रॉनिक उपकरणे तपासणाऱ्या यंत्रणेतील बिघाड कसा शोधायचा, याचा सराव ती तंत्रज्ञांकडून करून घेई. तंत्रज्ञ अडला की ती टप्प्याटप्प्याने सूचना देई. शोध मात्र त्यालाच घ्यावा लागे. अशा प्रणाली घडवणे फार खर्चिक आणि वेळखाऊ होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर संभाषण करू शकणारे साधन कोणत्याही संस्थेच्या आवाक्यात आले.

बहुतेक संस्था सुरुवात करतात ती पाठ, प्रश्नसंच आणि भाषांतरे झटपट तयार करण्यापासून. हा सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी मोलाचा उपयोग आहे, कारण प्रशिक्षणात पाठांचा तुटवडा क्वचितच असतो. तुटवडा असतो सरावाचा आणि वेळेवर मिळणाऱ्या अभिप्रायाचा. चिडलेल्या ग्राहकाशी बोलण्याचा किंवा सहकाऱ्याला कटू अभिप्राय देण्याचा सराव चॅटबॉटसोबत हवा तितक्या वेळा करता येतो, आणि तिथे चुकण्याची लाज वाटत नाही. संस्थेच्या नियमावलीतून उत्तर शोधून देणारे सहायकही उपयोगी पडतात; मात्र मूळ कागदपत्रे जुनी झालेली असतील, तर चुकीचे उत्तरही ते तितक्याच ठामपणे देतात.

मदत मिळणे आणि शिकणे यांतला फरक हा या विषयाचा गाभा आहे. ब्रिन्योल्फसन, ली आणि रेमंड या अर्थतज्ज्ञांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच हजारांहून अधिक ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांची पाहणी होती. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा सहायक मिळाल्यावर दर तासाला सोडवलेल्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या, नवख्या व कमी कुशल कर्मचाऱ्यांमध्ये ३४ टक्क्यांनी. अनुभवी मंडळींना फारसा लाभ झाला नाही. मुरलेल्या कर्मचाऱ्यांची हातोटी सहायकामार्फत नवख्यांपर्यंत पोहोचली, असा अर्थ अभ्यासकांनी लावला. याउलट तुर्कस्तानातील शालेय विद्यार्थ्यांवरील एका प्रयोगात चॅटबॉट वापरून गणिताचा सराव करणाऱ्यांची कामगिरी साधन काढून घेताच चॅटबॉटविना सराव करणाऱ्यांपेक्षाही खालावली. थेट उत्तराऐवजी सूचना देणारा चॅटबॉट ज्यांना दिला होता, त्यांचे हे नुकसान बहुतांशी टळले. शेरलॉकच्या रचनेतही हेच तत्त्व होते. म्हणून साधन निवडताना ते किती लवकर उत्तर देते यापेक्षा ते उत्तर कधी रोखून धरते, हे पाहायला हवे.

प्रशिक्षणाच्या मूल्यमापनासाठी अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेले चार स्तर आजही वापरले जातात: प्रतिक्रिया (प्रशिक्षण कसे वाटले), अध्ययन (काय शिकले), वर्तन (कामात काय बदलले) आणि परिणाम (संस्थेला काय लाभले). पूर्ण केलेल्या कोर्सांची संख्या यांपैकी कोणत्याच स्तरात बसत नाही, तरी अहवालांत तीच ठळकपणे मिरवली जाते.

युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यातील काही तरतुदी २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाल्या. अशा प्रणाली वापरणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांना या प्रणालींचे पुरेसे ज्ञान मिळेल याची व्यवस्था करणे बंधनकारक झाले. वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर बंदी आली. कायद्यापलीकडचा प्रश्न विश्वासाचा आहे. सरावातल्या चुका पदोन्नतीच्या निर्णयात वापरल्या जातील अशी शंका आली, की कर्मचारी अवघड प्रश्न विचारणे थांबवतात. त्यामुळे सरावाच्या नोंदी वरिष्ठांपासून वेगळ्या ठेवणे आणि तसे आधीच लेखी कळवणे आवश्यक ठरते.