'द थर्ड मॅन': चित्रपट आधीचा, पुस्तक नंतरचे

'द थर्ड मॅन' हा कॅरल रीड यांचा इंग्रजी चित्रपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना चार राष्ट्रांत वाटले गेलेले युद्धोत्तर व्हिएन्ना, भेसळीच्या पेनिसिलिनचा काळाबाजार आणि भुयारी गटारांतला पाठलाग यांची नव्याने ओळख करून देण्याचे कारण नाही. मात्र या चित्रपटाविषयी लिहिताना 'ग्रॅहम ग्रीन यांच्या गाजलेल्या कादंबरीवर आधारित' हे शब्द इतक्या सहजपणे लिहिले जातात, आणि त्यापाठोपाठ 'दिग्दर्शकाने मूळ शेवट बदलला' ही तक्रारही इतक्या वेळा ऐकू येते, की हा घोळ एकदा नीट निस्तरला पाहिजे.

चित्रपट १९४९ मध्ये प्रदर्शित झाला आणि पुस्तक १९५० मध्ये आले. निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांना दिग्दर्शक कॅरल रीड यांच्यासाठी व्हिएन्नाच्या पार्श्वभूमीवरची पटकथा ग्रीन यांच्याकडून हवी होती. आधी कथा लिहून काढल्याशिवाय आपल्याला पटकथा लिहिताच येत नाही, अशी ग्रीन यांची धारणा असल्यामुळे त्यांनी प्रथम एक दीर्घकथा लिहिली. पात्रांचे स्वभाव आणि वातावरण हाताशी असावे, एवढाच तिचा हेतू होता. ती वाचकांसाठी नव्हे, तर पडद्यासाठी लिहिली होती, हे ग्रीन यांनीच पुस्तकाच्या प्रस्तावनेत सांगितले आहे, आणि चित्रपट हे त्या कथेचे पूर्णत्वाला गेलेले रूप असल्यामुळे तो कथेपेक्षा सरस आहे, असेही त्यांनी तिथेच मान्य केले आहे. म्हणजे पुस्तक हा चित्रपटाचा कच्चा खर्डा आहे, आणि खर्ड्याला 'मूळ कलाकृती' मानून पक्क्या प्रतीत चुका काढणे मला अन्यायाचे वाटते.

घोळाचे एक कारण मात्र समजण्यासारखे आहे. १९५० च्या त्या पुस्तकात 'द फॉलन आयडॉल' ही दुसरी कथाही आहे. त्या नावाचा रीड यांचा १९४८ चा चित्रपट खरोखरच ग्रीन यांच्या कितीतरी आधी प्रसिद्ध झालेल्या 'द बेसमेंट रूम' या कथेवरून काढलेला होता. एकाच जोडीचे दोन चित्रपट आणि एकाच पुठ्ठ्यात बांधलेल्या दोन कथा. त्यामुळे एकीला लागू असलेले विधान दुसरीलाही चिकटले.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. पुस्तकातला नायक रोलो मार्टिन्स पडद्यावर हॉली झाला, तो आणि पेनिसिलिनचा काळाबाजार करणारा त्याचा मित्र हॅरी लाइम इंग्रजांचे अमेरिकन झाले, आणि पुस्तकात निवेदन करणारा ब्रिटिश पोलीस अधिकारी कॅलोवे चित्रपटात एक पात्र म्हणून उरला. आकाशपाळण्यातून उतरल्यावर हॅरी कुकू घड्याळाबद्दल जे बोलतो, ते मात्र पुस्तकात शोधू नये, कारण ती भर हॅरीची भूमिका करणारे ऑर्सन वेल्स यांची आहे. तेवढ्यावरून चित्रपटच वेल्स यांनी दिग्दर्शित केला असे म्हणणे ही रीड यांच्याविषयीची अक्षम्य बेपर्वाई आहे. ते तिरके कॅमेराकोन आणि ओल्या फरसबंदीवरचा तो उजेड रीड आणि छायालेखक रॉबर्ट क्रॅस्कर यांचा आहे, आणि क्रॅस्कर यांना त्यासाठी ऑस्करही मिळाले.

राहिला शेवट. पुस्तकात हॅरीच्या दफनानंतर मार्टिन्स हॅरीच्या प्रेयसीला, अ‍ॅनाला गाठतो, दोघे न बोलता चालू लागतात आणि तिचा हात त्याच्या हातात गुंफला जातो. रंजनासाठी लिहिलेल्या कथेला दुःखान्त पेलवणार नाही, असे ग्रीन यांचे मत होते. उलट, हॅरीचा मृत्यू नुकताच पाहिलेल्या प्रेक्षकाला हे मीलन निर्दयपणाचे वाटेल, असे रीड यांचे म्हणणे होते, आणि ते बदलले नाही. पडद्यावर दफनभूमीतल्या लांबलचक रस्त्यावर अ‍ॅना दुरून चालत येते, कॅमेरा जागचा हलत नाही, झाडांची पाने गळत राहतात. ती जवळ येते, मार्टिन्सकडे न पाहता पुढे निघून जाते, आणि तो सिगारेट पेटवून काडी फेकून देतो. इतका वेळ प्रेक्षक खुर्चीत थांबतील का, अशी ग्रीन यांना शंका होती. पुढे प्रस्तावनेत त्यांनी रीड यांचेच बरोबर ठरले, असे मोकळेपणाने लिहिले, आणि चित्रपटाला संगीत देणारे अँटन करास यांचे झिथर या तंतुवाद्यावरचे वादन तोवर आपल्या कल्पनेतही नव्हते, याचीही नोंद केली.