सुपरहिरो कॉमिक्समालिका आणि वाचकांच्या अपेक्षा (ठाणे–नवी मुंबई)

एकाच नायकाची गोष्ट अनेक लेखक-चित्रकारांच्या हातून दशकानुदशके चालू राहते, तेव्हा तिचा नेहमीचा वाचक तिच्याकडून काय मागतो, हा या नोंदीचा विषय आहे. सुपरमॅन १९३८ पासून, बॅटमॅन १९३९ पासून आणि स्पायडरमॅन १९६२ पासून छापला जात आहे. या तिघांना जन्म देणाऱ्यांपैकी आज कोणीही हयात नाही. नायक मात्र तिशीच्या आगेमागेच रेंगाळत आहेत. अशा मालिकांच्या वाचकाबद्दल दोन समजुती रूढ आहेत. त्याला काही बदललेले खपत नाही ही एक, आणि त्याला सतत नवे लागते ही दुसरी. ठाणे आणि नवी मुंबई इथला वाचक पाहिला तर दोन्ही अपुऱ्या पडतात. त्याला बदल चालतो, नायकाचे लग्न चालते, मरणही चालते. एकदा घडून गेलेले पुढे ‘ते घडलेच नव्हते’ म्हणून पुसलेले तेवढे चालत नाही.

अंक हाती पडण्याची रीत

ही मागणी कुठून आली हे कळायला अंक कसा मिळत असे ते पाहावे लागते. अमेरिकेतला वाचक ठरलेल्या दुकानातून दर महिन्याला पुढचा अंक उचलतो. ठाण्यात तशी सोय नव्हती. १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय असलेल्या या शहराला वाचनाचे वावडे नव्हते, पण कॉमिक्सचा व्यवहार मुख्यतः स्टेशनवरचा बुकस्टॉल, गल्लीतले भाड्याने पुस्तके देणारे वाचनालय आणि रद्दीवाला यांच्यावर चाले. मे महिन्याच्या सुट्टीत चाळीतला एखादा उद्योगी मुलगा घरचेच अंक जिन्याखाली दोरीवर टांगून चार आणे, आठ आणे भाड्याने वाचायला देई. तिथेच बसून वाचायचे, घरी न्यायचे नाही.

या वाटेने अंक क्रमाने येत नसत. तीन भागांच्या गोष्टीचा दुसरा भाग आधी मिळे, पहिला वर्षभराने, आणि तिसरा बहुधा नाहीच. शेवटच्या पानामागचे कोडे कोणीतरी कापून नेलेले असे, म्हणजे खुनी कोण हेही त्याच्याबरोबर गेलेले. त्यामुळे इथल्या वाचकाची पहिली अपेक्षा साधी होती आणि आजही तीच आहे: अंक हातात आला की त्यापुरते काहीतरी पुरे झाले पाहिजे. मोठी गोष्ट पुढे खुशाल वाढू दे, पण या बत्तीस पानांत एक संकट उभे राहून मिटले पाहिजे आणि मागे काय झाले ते सुरुवातीला दोन ओळींत सांगितले पाहिजे. प्रत्येक अंक कोणाचा तरी पहिला अंक असतो, असे स्पायडरमॅन छापणाऱ्या मार्व्हल कंपनीच्या संपादकांत जुने सूत्र होते. पुढे मोठे क्रॉसओव्हर, म्हणजे अनेक मालिकांत पसरलेल्या गोष्टी, सुरू झाले, एक गोष्ट वाचायला आठ मालिकांचे अंक लागू लागले, आणि हे सूत्र मागे पडले. इथल्या जुन्या वाचकांची नव्या कॉमिक्सबद्दलची निम्मी कुरकुर यातूनच येते, आणि ती रास्त आहे.

वेताळाचा नमुना

मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. इंग्रजी-हिंदीबरोबर ते मराठीतही निघत. पहिले बत्तीस अंक एकट्या वेताळाचे, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचे होते. आधी मासिक, मग पाक्षिक, पुढे साप्ताहिक झालेले हे प्रकाशन १९९० मध्ये थांबले. वेताळ, जादूगार मॅन्ड्रेक आणि १९७६ पासून आबिद सुरती यांनी निर्माण केलेला बहादूर, या तिघांवर ठाण्यातल्या दोन पिढ्यांची कॉमिक्सची समज घडली. गोष्टी पानांत बसवण्यासाठी कापल्या जात आणि वेताळाच्या देशाचे नाव बेंगालाचे डेंकाली होई, पण ते कळायला वाचकाला पुढे मूळ अंक पाहावे लागले.

वेताळाची मांडणी या विषयात फार महत्त्वाची आहे. ली फॉक यांनी १९३६ मध्ये वर्तमानपत्री चित्रपट्टीतून आणलेला हा नायक अमर नाही. जंगलातल्या लोकांना तो तसा वाटतो इतकेच. १५३६ मध्ये समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेल्या एका तरुणाने बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि तेव्हापासून मुखवटा बापाकडून मुलाकडे जात आला. आपण वाचतो तो एकविसावा. कवटीच्या गुहेत जुन्या नोंदवह्यांची रांग आहे. प्रत्येक वेताळ आपल्या मोहिमा त्यांत लिहून ठेवतो, आणि पुढचा त्या वाचून शहाणा होतो. सातव्याने केलेल्या चुकीचे मोल एकविसाव्याला फेडावे लागते, अशा गोष्टी त्यामुळेच शक्य होतात.

पुढची मालिका वाचणारा मराठी वाचक नकळत ही नोंदवही शोधत असतो. स्पायडरमॅनने एखाद्या खलनायकाला सोडून दिले, तर दहा वर्षांनी तो परत आल्यावर नायकाला ते आठवले पाहिजे. कंटिन्युटी म्हणून ज्यावर तासन्‌तास वाद चालतात, ती मूळ मागणी एवढीच आहे. तारखा आणि पोशाखांचे तपशील जुळवत बसणारे वाचक ठाण्यातही आहेत, पण ते थोडे. बाकीच्यांना नायकाची स्मरणशक्ती शाबूत हवी असते.

फॉक यांच्या हाताखाली ती शाबूत राहिली, याचे एक कारण सरळ आहे: १९३६ पासून १९९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत गोष्टी तेच लिहीत होते. पहिल्याच कथेत भेटलेल्या डायनाशी वेताळाचे लग्न १९७७ मध्ये लागले. ४१ वर्षे लांबलेली सोयरीक आपल्याकडे कोणत्याही मामाने मध्येच मोडली असती. पण लग्न लागले ते लागले. १९७९ मध्ये जुळी मुले झाली, ती गोष्टीत राहिली, आणि बापाच्या मोहिमांवर त्यांचा परिणाम होत गेला.

वय, लग्न, मरण

मार्व्हल आणि सुपरमॅन-बॅटमॅन छापणारी डीसी यांच्या मोठ्या मालिका कंपनीच्या मालकीच्या असतात आणि लेखक बदलत राहतात. प्रत्येक नव्या लेखकाला पात्र ओळखीच्या जागी परत हवे असते. पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, १९६५ मध्ये शाळेतून कॉलेजात गेला, १९८७ मध्ये त्याने मेरी जेनशी लग्न केले, आणि २००७ मध्ये एका सैतानी पात्राशी झालेल्या सौद्यात ते लग्न इतिहासातून पुसले गेले. वीस वर्षांचा संसार चार अंकांत गेला. या निर्णयावरचा राग जगभर गाजला. ठाण्यातही ज्यांनी तो वाचला, त्यांचा राग घटस्फोटाबद्दल नव्हता. दोघे भांडून वेगळे झाले असते तर ती गोष्टच झाली असती.

यामागचे व्यापारी गणित समजण्यासारखे आहे. चौदा वर्षांच्या नव्या गिऱ्हाईकाला तरुण नायक हवा असे मानले जाते. पण मालिका जिवंत ठेवणारा वाचक बहुतेकदा चाळिशीचा असतो. तो स्वतः शाळेतून कॉलेजात, तिथून नोकरीत आणि शेवटी घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटच्या हप्त्यांत गेलेला असतो. नायकाने आपल्याबरोबर थोडे तरी वाढावे असे त्याला वाटते. २०२४ मध्ये जोनाथन हिकमन यांनी वेगळ्या विश्वातला पीटर आणला, जो आधीच नवरा आणि दोन मुलांचा बाप आहे; ती मालिका जोरात खपली. ज्याला पूर्ण हिशेब हवा त्याने एरिक लार्सन यांचा सॅव्हेज ड्रॅगन पाहावा: १९९२ पासून त्यात काळ खऱ्या काळाच्या वेगाने पुढे सरकतो आणि नायकाचा मुलगा मोठा होऊन त्याची जागा घेतो. तो कमी लोक वाचतात, हेही सांगितले पाहिजे.

मरणाबाबत वाचक कडवट झाला आहे. १९७३ मध्ये पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी मेली ती पुलावरून पडताना, आणि तिला वाचवायला टाकलेल्या जाळ्याचाच तिच्या मृत्यूत हात होता. तो अंक आजही हळू आवाजात सांगितला जातो, कारण मालिकेने त्या मरणाचे ओझे पुढे वागवले. १९९२ मध्ये सुपरमॅनला मारले तेव्हा वर्तमानपत्रांनी बातम्या दिल्या आणि पुढच्या वर्षी तो परतला. कॅप्टन अमेरिकाचा साथीदार बकी, बॅटमॅनचा साथीदार जेसन टॉड आणि पीटरचे काका अंकल बेन सोडले तर कॉमिक्समध्ये कोणी मेलेला राहत नाही, अशी चाहत्यांत म्हण होती. २००५ मध्ये यातले पहिले दोघेही परत आले. बिचारे अंकल बेन तेवढे राहिले. मार्व्हलची नायिका कमला खान मे २०२३ मध्ये मारली गेली आणि जुलै संपण्याआधी उठली. एवढ्या घाईत रडायलाही सवड मिळत नाही.

वाचकाचे मत कंपन्यांनी कधी ऐकलेच नाही असे नाही. १९८८ मध्ये डीसीने दुसरा रॉबिन म्हणजे जेसन टॉड जगावा की मरावा, हे फोनवरच्या मतदानावर सोडले. मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. ७२ मतांनी मुलगा गेला. वाचकांना विचारून गोष्ट लिहू नये, याचा एवढा ठोस पुरावा दुसरा नाही. मार्व्हलची रीत जास्त शहाणी होती. १९६० च्या दशकात वाचकाने चूक दाखवून ती चूक का नाही याची युक्ती स्वतःच पत्रातून कळवली, तर त्याला ‘नो-प्राइझ’ मिळे, म्हणजे एक रिकामे पाकीट. वाचकाला गोष्टीची सूत्रे नको असतात. आपण लक्ष ठेवून आहोत हे समोरच्याला माहीत असले की त्याचे भागते.

रीबूट आणि अंक क्रमांक १

रीबूट म्हणजे मागचा इतिहास बाजूला ठेवून मालिका नव्याने सुरू करणे. डीसीने १९८५-८६ च्या बारा अंकी मालिकेत आपली अनेक विश्वे एकात विलीन केली. २०११ मध्ये बावन्न मालिका पुन्हा अंक १ पासून सुरू केल्या, आणि २०१६ मध्ये जुन्या नात्यांचे धागे परत जोडायला घेतले. सुपरमॅनच्या ॲक्शन कॉमिक्स या मालिकेचा क्रमांक २०११ मध्ये एकवर आला, २०१६ मध्ये ९५७ वर उडाला आणि २०१८ मध्ये हजारावा अंक साजरा झाला. नवशिक्याला सोपे जावे म्हणून हे केले जाते. प्रत्यक्षात वाशीच्या मॉलमधल्या पुस्तकांच्या दुकानात उभ्या असलेल्या मुलासमोर एकाच नायकाचे चार वेगवेगळे ‘खंड १’ असतात, आणि कुठला घ्यायचा हे त्याला दुकानदारही सांगू शकत नाही.

खाडीपलीकडे

नवी मुंबईचा वाचक वेगळ्या वाटेने आला. सिडकोची स्थापना १९७० ची, पण वाशीपर्यंत लोकल पोहोचली १९९२ मध्ये. तोवर इंद्रजाल बंद पडले होते. त्यामुळे इथल्या बहुतेकांच्या बालपणात वेताळ नाही. केबलवरची कार्टून, राज कॉमिक्सचे हिंदी नागराज, ध्रुव आणि डोगा, गॉथम कॉमिक्सने भारतात स्वस्तात छापलेले इंग्रजी अंक, आणि २००८ नंतरचे चित्रपट, हा त्यांचा क्रम. चित्रपटातून आलेल्या वाचकाला आरंभ, मध्य आणि शेवट असलेली गोष्ट हवी असते. न संपणाऱ्या मालिकेचा त्याला कंटाळा येतो. तो सुटे अंक घेत नाही, संकलित खंड घेतो किंवा वर्गणी भरून टॅबलेटवर वाचतो.

दोन्ही काठांवर सारखी असलेली एक अपेक्षा जागेबद्दलची आहे. डोगा मुंबईत राहतो, आणि त्याला घडवणारे चाचा अदरक, हल्दी, धनिया आणि काली मिर्च अशा नावांचे आहेत. हा मसाल्याचा डबा वाचकाने हसत स्वीकारला, कारण व्यायामशाळा आणि गल्ल्या ओळखीच्या वाटल्या. २००४ मध्ये आलेला भारतीय स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर मुंबईतला, धोतर नेसलेला. तो मुंबईपेक्षा पर्यटकाच्या पोस्टरातला जास्त वाटतो, अशी तक्रार तेव्हापासून ऐकू येते. ठाण्याच्या वाचकाला आपल्या शहराचे कौतुक नको असते. पाठलाग ठाणे–नवी मुंबई जोडणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलवर चालला असेल तर ऐरोलीनंतर रबाळे यावे, एवढी तपासणी मात्र तो करतोच.

संग्रहाची सवय

माळ्यावर जागा कमी, म्हणून ठाण्यातले अनेक जण जुने इंद्रजाल दहा-बाराच्या गठ्ठ्यात बाइंडरकडून पुठ्ठा बांधून घेत. बांधताना कडा छाटल्या जातात, स्टेपलच्या पिना निघतात, कधी मुखपृष्ठेही काढली जातात. आजचा संग्राहक सुटा, न दुमडलेला अंक शोधतो आणि बांधलेल्या खंडाला कमी भाव देतो. वाचण्यासाठी उसना मागणारा मात्र बांधलेलाच मागतो, कारण त्यात अंक क्रमाने लावलेले असतात आणि मधला गेलेला नसतो.