बेडक्यातला तपकिरी तुकडा

खोकून टाकलेला बेडका कुणी निरखून पाहत नाही. जुना दमा असलेल्यांनी मात्र तो अधूनमधून पाहावा. त्यात तपकिरी, रबरासारखा चिवट, नळीच्या साच्यातून काढल्यासारखा तुकडा दिसला, तर डॉक्टरांना आवर्जून सांगावं. श्वासनलिकेत साचून घट्ट झालेला तो कफ असतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यात बरेचदा अ‍ॅस्परजिलस बुरशीचे तंतू गुंतलेले सापडतात.

ही बुरशी कुजक्या पाचोळ्यात, खताच्या ढिगात, ओल धरलेल्या भिंतीवर सगळीकडे असते. १७२९ साली मिकेली या इटालियन धर्मगुरूने तिचं बारसं केलं. चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायच्या झाऱ्यासारखी ती त्याला दिसली, म्हणून हे नाव. तिचे बीजाणू जेमतेम २ ते ३ मायक्रोमीटरचे, त्यामुळे ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. आपण सगळेच ते रोज शेकड्यांनी ओढून घेतो. निरोगी श्वासनलिकेतले केसासारखे सूक्ष्म तंतू कफासकट त्यांना वर ढकलतात, उरलेल्यांना भक्षक पेशी गिळतात.

दमा, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होत जाणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) किंवा श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा आजार असेल, तर ही झाडलोट मंदावते. साचलेल्या कफात बीजाणूंना ऊब, ओल आणि अन्न तिन्ही मिळतं, आणि ते रुजतात. काही दमेकऱ्यांचं शरीर या बुरशीवर इतकं चवताळतं की त्या सुजेनेच श्वासनलिका रुंदावतात. मग कफ आणखी साचतो, बुरशीला आणखी जागा मिळते. या अ‍ॅलर्जीच्या प्रकाराला एबीपीए म्हणतात. औषधं नीट घेऊनही दमा आटोक्यात येत नसेल, तर रक्तातल्या आयजीई प्रतिपिंडांची तपासणी करून घ्यायला हवी. अनेकांची ती वर्षानुवर्षं होतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरा प्रकार संथ आहे. टीबी बरा झाल्यावर फुप्फुसात राहिलेल्या पोकळीत किंवा सीओपीडीने पोखरलेल्या भागात बुरशी घर करते, कधी तिचा गोळाच तयार होतो. वजन घटतं, खोकला महिनोन्‌महिने जात नाही, थुंकीतून रक्त पडतं. लक्षणं हुबेहूब टीबीची, म्हणून टीबीचीच औषधं पुन्हा सुरू होतात. थुंकीत टीबीचे जंतू सापडत नसतील, तर सीटी स्कॅन आणि रक्तातल्या बुरशीविरोधी आयजीजी प्रतिपिंडांच्या तपासणीचा विषय रुग्णानेही काढावा.

स्टेरॉइडचं काय? एबीपीएमध्ये ती सूज उतरवतात, पण गोळ्या किंवा इंजेक्शनच्या मोठ्या मात्रेने भक्षक पेशी लुळ्या पडतात. सीओपीडी बळावून रुग्णालयात असलेल्या रुग्णात बुरशी थेट ऊतींमध्ये घुसण्याचा धोका त्यामुळेच वाढतो. मात्र या भीतीने रोजचा स्टेरॉइडचा पंप मनाने बंद करू नका. दमा उसळला तर त्याच मोठ्या मात्रेची वेळ येते.